न बोलणाऱ्या मुलाचा निरोप

घरी पाहुणे आले की बोलता न येणाऱ्या मुलाविषयीचे प्रश्न आईला विचारले जातात. ‘याला काय आवडतं?’ मूल शेजारीच बसून सारे ऐकत असते. बोलता येत नाही म्हणजे समजतही नाही, हा मोठा गैरसमज आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या पक्षाघातात अनेकदा ओठ, जीभ व घशाच्या स्नायूंवर पुरेसा ताबा राहत नाही. शब्द मनात असतो, पण स्पष्ट उमटत नाही. वाक्य जुळेपर्यंत समोरच्याने दुसरा विषय काढलेला असतो. त्यामुळे मूल एकटे पडते. मोबाईलवरील निरोपात ही घाई नसते. एका ओळीला दहा मिनिटे लागली, तरी मित्राला ती पूर्ण वाचायला मिळते.

मुंबईच्या मालिनी छिब यांना जन्मापासून हा विकार आहे. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि २०१० साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रे आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप चित्रावर बोट ठेवताच मराठीत बोलते. मोबाईल नसेल तर पुठ्ठ्यावर पाणी, भूक, दुखते, खेळू या अशी चित्रे चिकटवा. चित्रांमुळे मूल बोलायचे थांबेल, ही भीती निराधार आहे. उलट काही मुलांच्या बोलण्याला त्याने मदतच होते.

पालकांनी एवढे करावे. सुरुवातीला मामेभाऊ किंवा वर्गमित्र अशा एकदोघांशीच निरोपांची देवाणघेवाण ठेवावी. मुलाच्या वतीने स्वतः उत्तर देऊ नये. अनोळखी व्यक्तीला फोटो वा पत्ता पाठवायचा नाही, हे त्याला शिकवावे.

‘उशिरा बोलेल’ म्हणून वर्षे घालवू नका. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल तर आधी कानांची तपासणी करा, मग वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व सरकारी शाळेत तपासणीला येते. बारामती, इंदापूरच्या पालकांनी त्या वेळी ही शंका जरूर सांगावी.

आणि पुढच्या वेळी पाहुण्यांनी प्रश्न मुलालाच विचारावा. उत्तराला वेळ लागेल, तेवढे थांबावे.