रक्तवाढीच्या गोळीला बी-१२ची जोड हवी

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. फडावरचे जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, कधी पातळ वरण. पोट भरते, पण बी-१२ हे जीवनसत्त्व त्यात नसते. ते धान्यात, डाळीत, भाजीत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण आणि कलेजीत मिळते. मांसाहार चालतो, पण परवडत नाही, अशा घरांतही त्याची कमतरता होऊ शकते.

शरीरात बी-१२ काय करते? आपण खाल्लेल्या प्रथिनांपासून अमिनो आम्ले मिळतात. त्यांपैकी मेथिओनिन वापरले गेले की होमोसिस्टीन तयार होते. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिळून त्याचे पुन्हा मेथिओनिन करतात. दुसऱ्या वाटेने बी-६च्या मदतीने त्याचे सिस्टीन होते. बी-१२ कमी पडले की पहिली वाट अडते आणि होमोसिस्टीन रक्तात साठते.

हा प्रश्न आपल्याच राज्यात मोजला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते.

गरोदर बायांना मिळणाऱ्या लाल आणि शाळकरी मुलींच्या निळ्या गोळीत लोह व फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. ही गोळी गरजेचीच आहे. ती बंद करू नका. मात्र बी-१२ची उणीव असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड जास्त घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी आतून चालूच राहते. ती पुढे कायमचीही होऊ शकते.

म्हणून हातापायांना मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल होणे, गोळ्या घेऊनही न जाणारा थकवा यांकडे दुर्लक्ष करू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना बी-१२च्या तपासणीबद्दल जरूर विचारावे. कमतरता निघाली, तर गोळी किंवा इंजेक्शनने ती भरून निघते.

होमोसिस्टीन उतरवणाऱ्या गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका टळतो, असे मात्र मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. त्या नावाखाली महागडी टॉनिके घेऊ नका. तोच पैसा घरात अंडी आणि दूध आणण्यासाठी वापरा, आणि त्यातला वाटा घरातल्या बाईच्या ताटातही पडू द्या.