निरोपांचं वादळ

माझ्या भाचीच्या एकोणीस वर्षांच्या लेकाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आणि घरात नवनवे शब्द शिरले. त्यातलाच एक ‘सायटोकाइन’. केमोथेरपीनंतर आजार पुन्हा उलटला, तेव्हा डॉक्टरांनी ‘कार-टी’ उपचार सुचवले. रात्री भाचीचा फोन आला, ‘‘मावशी, औषध लागू पडायला लागलं की ताप चढतो म्हणे. हे कसलं गं औषध?’’

मग मी वाचत बसले. सायटोकाइन म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. साध्या फ्लूतही अंग मोडून येतं, ते बरंचसं या निरोपांमुळेच. ‘कार-टी’मध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. त्या शत्रूवर तुटून पडल्या की निरोपांचं वादळच उठतं.

२०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडचं असंच झालं. प्रचंड ताप, व्हेंटिलेटर. आशा जवळजवळ संपलेली. रक्ततपासणीत ‘इंटरल्यूकिन-६’ हा निरोप भलताच वाढलेला दिसला. त्याला अडवणारं औषध होतं, पण संधिवाताचं! टोसिलिझुमॅब. संशोधक डॉ. कार्ल जून यांच्या मुलीलाच संधिवात होता, म्हणून ते त्यांना ठाऊक. ते दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. तिचा कर्करोगही गेला. एका बापाची काळजी दुसऱ्याच्या लेकीला अशी उपयोगी पडली! २०१७ मध्ये अमेरिकेत कार-टी उपचारांना मान्यता मिळाली, त्याच वेळी या त्रासासाठी टोसिलिझुमॅबलाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. खर्च परदेशापेक्षा खूप कमी, तरीही लाखांतच. भाचीनं दागिने मोडले.

पेशी दिल्यावर तिसऱ्या रात्री पोराला ताप चढला. भाची घाबरली, पण गोंधळली नाही; लगेच नर्सला हाक मारली. इंजेक्शन दिलं गेलं. दोन दिवसांनी त्यानं वरणभात मागितला.

अस्थिमज्जेची तपासणी अजून व्हायचीय. पण मैत्रिणींनो, एवढं मात्र सांगते : असे उपचार घेणारं कुणी घरी परतलं असेल, तर ताप आल्यावर आपल्या मनानं गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.