मांडीवरचा लॅपटॉप आणि ज्येष्ठांची त्वचा

शिक्षण आणि नोकरीसाठी मुले-नातवंडे पुण्या-मुंबईस किंवा त्याहूनही दूर गेल्यापासून बीड जिल्ह्यातील अनेक घरांत लॅपटॉप हे भेटीचे साधन झाले आहे. अंबाजोगाई असो, गेवराई असो वा आष्टी-पाटोद्याकडील एखादे गाव, पडद्यावर नातवंडाचा चेहरा दिसला की ज्येष्ठांचा दिवस सार्थकी लागतो. ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांचा सल्ला किंवा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखलाही आता घरबसल्या मिळतो. मात्र अर्ध्या तासात यंत्राचा तळ तापतो, आतील पंखा घोंघावू लागतो आणि घरच्यांना प्रश्न पडतो की हा बिघाड आहे की यंत्राचा स्वभाव?

उष्णता येते कोठून?

लॅपटॉप जी वीज वापरतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून थोडेसे तापणे हा बिघाड नव्हे. व्हिडिओ कॉलमध्ये तर यंत्राला एकाच वेळी आपले चित्र टिपून पाठवायचे असते आणि समोरून आलेले चित्र उलगडून दाखवायचे असते. त्याच वेळी चार्जिंग सुरू असेल, तर बॅटरीच्या उष्णतेची त्यात भर पडते. आतला प्रोसेसर कामाच्या भरात ९० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकतो. ही उष्णता तांब्याच्या नळीवाटे पंख्यापर्यंत येते. पंखा बहुधा तळाकडून हवा आत ओढतो आणि बाजूच्या वा मागच्या फटींतून ती बाहेर टाकतो.

हा मार्ग अडला, की यंत्र प्रमाणाबाहेर तापते. लॅपटॉप गोधडीवर, गादीवर किंवा उशीवर ठेवला, तर तळाच्या फटी बंद होतात. कापसाची तूस आणि शेतशिवारातील धूळ आत जाऊन पंख्यावर साचते. ज्येष्ठांच्या हाती पुष्कळदा मुलाने वापरून झालेला जुना लॅपटॉप येतो. त्यात धूळ अधिक असते, प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो आणि बॅटरीही थकलेली असते.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. अनेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरण्यास सांगतात. बीडमध्ये वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छताखाली दुपार असह्य होते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. खोलीच तापलेली असेल, तर यंत्राने उष्णता टाकायची कोठे? वीज गेली की छताचा पंखा थांबतो, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, हेही ध्यानात असू द्यावे.

त्वचेला होणारी इजा

पोळण्यासाठी वस्तू उकळती असावी लागते, हा समज खरा नाही. सुमारे ४४ अंशांची उष्णता एकाच जागी काही तास राहिली, तरी त्वचा भाजू शकते. त्याहून कमी वेळ, पण रोज तोच शेक बसत राहिला, तर मांडीवर तांबूस-तपकिरी, जाळीसारखे डाग उमटतात. पूर्वी शेगडीजवळ तासन्‌तास बसणाऱ्यांत असे डाग दिसत. लॅपटॉपमुळे ते उमटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये झाली. शेक वेळीच थांबवला, तर ते हळूहळू फिके होतात. वर्षानुवर्षे चालू राहिला, तर कायमचे राहू शकतात. क्वचित अशा त्वचेत कर्करोगही उद्भवतो. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी धरणाऱ्यांत तो आढळला आहे.

ज्येष्ठांबाबत धोका अधिक आहे, कारण वयानुसार त्वचा पातळ होते. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा पक्षाघातानंतर संवेदना मंदावते, त्यामुळे चटका बसत असूनही कळत नाही. ऐकू कमी येत असेल, तर पंख्याचा घोंघाटही जाणवत नाही. म्हणून “गरम लागतंय का?” एवढे विचारून भागत नाही; काळजीवाहकाने यंत्राच्या तळाला स्वतः हात लावून पाहावा आणि आठवड्यातून एकदा मांड्यांची त्वचा उजेडात तपासावी.

घरात काय करावे?

लॅपटॉप टेबलावर, चौरंगावर किंवा लाकडी पाटावर ठेवावा. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीसाठी पाय असलेले लहान मेज पलंगावर ठेवता येते. मागची बाजू बोटभर उंच केली, तर तळाखाली हवा खेळती राहते. उन्हाळ्यात लांबलचक कॉल सकाळी किंवा रात्री करावेत. चार्जिंग आधीच उरकावे आणि नको असलेल्या खिडक्या बंद कराव्यात. वर्षातून एकदा जाणकार कारागिराकडून आतील धूळ काढून घ्यावी. ओले फडके, बर्फ किंवा फ्रिज यांचा उपाय करू नये; ओलाव्याने यंत्र बिघडते. कूलरचा झोतही थेट त्यावर सोडू नये.

लॅपटॉपचा तळ सपाट बसत नसेल, टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा उग्र वास येत असेल, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. अशा वेळी यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि कारागिराला दाखवावे. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. तिला आग लागू शकते.

त्वचा भाजलीच, तर त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. मधुमेही व्यक्तीने लहान फोडही डॉक्टरांना दाखवावा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. वार्धक्यात घाम कमी येतो आणि तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे शरीरालाही आपली उष्णता बाहेर टाकणे जड जाते. भर दुपारी लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला आणि खोली तापलेली असली, तर यंत्र मिटून ठेवावे, आजी-आजोबांना घरातील गार खोलीत न्यावे आणि तांब्याभर पाणी त्यांच्या हाताशी ठेवावे. उरलेल्या गप्पा ऊन उतरल्यावर होतील.