पहिला कॅमेरा आणि सेवाग्रामच्या तीन अटी

“नवशिक्याने कॅमेरा कोणता घ्यावा?” हा प्रश्न आम्हांला वर्षातून दहापाच वेळा तरी विचारला जातो. विचारणारा बहुधा विशीच्या आतबाहेरचा असतो. हिंगणघाटच्या किंवा देवळीच्या बाजारात कापूस विकून चुकारा हाती आल्यावर वडिलांनी त्यातले काही पैसे मोठ्या मनाने बाजूला काढलेले असतात. किंवा एखाद्या मुलीने दोन वर्षे शिकवण्या करून ते साठवलेले असतात. ही रक्कम पुन्हा लवकर उभी राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणूनच प्रश्न विचारताना त्यांच्या स्वरात उत्साहापेक्षा धास्तीच अधिक जाणवते.

दुकानात गेले म्हणजे आकड्यांचा भडिमार होतो. इतके मेगापिक्सेल, इतक्या पट झूम, इतक्या महिन्यांचे हप्ते. घरी परतताना कॅमेरा हाती असतो, पण तो का घेतला हे मात्र सांगता येत नाही. ह्यावर एखाद्या मॉडेलचे नाव सांगून मोकळे होणे आम्हांला सोपे आहे. परंतु ते नाव दोन वर्षांत जुने होते आणि प्रश्न पुन्हा जागच्या जागी उभा राहतो. तेव्हा नावापेक्षा कसोटी हाती असणे बरे. ही कसोटी शोधण्यासाठी वर्ध्याच्या माणसाला दूर जावयास नको. ती सात-आठ किलोमीटरवरच, सेवाग्रामात, सापडते.

१९१७ साली जन्मलेले कनु गांधी हे महात्माजींचे चुलत पुतणे नारणदास गांधी ह्यांचे चिरंजीव. विशीच्या सुमारास ते वर्ध्यास आले आणि आश्रमात पत्रव्यवहार व हिशेब ही कामे पाहू लागले. छायाचित्रे काढावीत अशी त्यांची इच्छा होती, आणि विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे ह्यांनी तिला उत्तेजन दिले. कॅमेऱ्यासाठी आश्रमाजवळ पैसा नाही, असे गांधीजींनी स्पष्ट सांगितले. कनुभाईंनी हेका सोडला नाही. अखेर घनश्यामदास बिर्ला ह्यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला. परवानगीबरोबर तीन अटीही आल्या. पहिली, कृत्रिम प्रकाशाचा झोत म्हणजे फ्लॅश वापरावयाचा नाही. दुसरी, गांधीजींना छायाचित्रासाठी थांबवून बसवावयाचे नाही. तिसरी, ह्या छंदासाठी आश्रमाकडे पैसे मागावयाचे नाहीत. ह्या अटी पाळून कनुभाईंनी गांधीजींच्या अखेरच्या दशकातील जे जीवन टिपले, ते आज साऱ्या जगाच्या ओळखीचे आहे.

आम्ही पुष्कळ वर्षे ह्या अटींकडे आश्रमाची शिस्त म्हणूनच पाहत होतो. पुढे ध्यानात आले, की ज्याच्या हाती पैसा थोडा आहे आणि ज्याला आपल्या घरची, गावची माणसे टिपावयाची आहेत, त्याच्यासाठी खरेदीचा ह्याहून चांगला मार्गदर्शक नाही. एकेक अट घेऊन पाहू.

पहिली अट प्रकाशाची. सेवाग्रामच्या कुट्या मातीच्या, छपरे खाली उतरलेली, आतला उजेड मंद. त्या काळची सर्वसाधारण फिल्म आजच्या मानाने फारच मंदग्राही होती. तरीही काम झाले, कारण भिंग चांगले होते आणि प्रकाश ओळखण्याची नजर तयार झाली होती. कॅमेरा म्हणजे शेवटी एक अंधारी पेटी. तिला एक दार असते. ते भिंगात असते आणि लहानमोठे करता येते. आत एक प्रकाशग्राही पाटी असते. पूर्वी ती फिल्म होती, आज तिला सेन्सर म्हणतात. दार किती मोठे उघडते आणि पाटी केवढी आहे, ह्या दोन गोष्टींवर मंद उजेडातले यश मुख्यतः ठरते.

दाराचे माप भिंगावर ‘एफ’ ह्या अक्षरापुढे लिहिलेले असते, आणि तेथे आकडा लहान तेवढे दार मोठे, असा उलटा हिशेब आहे. एफ ५.६ च्या दारातून जेवढा प्रकाश येतो, त्याच्या जवळजवळ दहापट एफ १.८ च्या दारातून येतो. व्यवहारात ह्याचा अर्थ असा: दिवेलागणीला ओसरीवर खेळणारे मूल १.८ च्या भिंगाने सेकंदाच्या १२५ व्या हिश्शात टिपता आले, तर ५.६ च्या भिंगाला बाकी सारे तसेच ठेवून सुमारे १३ वा हिस्सा लागेल. तेवढ्या वेळात मूल मान वळवते आणि आपलाही हात हलतो. चित्र पुसट येते.

हे ज्ञान आम्हांला पुस्तकातून मिळाले नाही. आमचा पहिला कॅमेरा आम्ही झूमच्या मोहाने घेतला. विक्रेत्याने रस्त्यापलीकडच्या पाटीवरील अक्षरे वाचून दाखविली आणि आम्ही भुललो. पुढच्याच महिन्यात घरी बारसे होते. खोलीत एकच दिवा, भोवती बायकांची दाटी. झूम ओढला की भिंगाचे दार ५.६ पर्यंत मिटे. चित्रे पुसट येऊ लागली म्हणून फ्लॅश लावला, तर पाळण्यातले बाळ दचकून रडू लागले. त्या दिवसाची धड अशी दोनच चित्रे आमच्यापाशी आहेत. पाळण्याची दोरी ओढणारी आजी पुढे वर्षभरात गेली, आणि ती दोन्ही चित्रांत नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की दूरचे ओढून आणणाऱ्या भिंगापेक्षा मोठ्या दाराचे, एकाच नाभ्यंतराचे साधे भिंग आधी घ्यावे. ५० मिलिमीटरचे १.८ भिंग हे बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्त भिंगांपैकी असते आणि चेहऱ्यांसाठी उत्तम असते. लहान खोलीत मात्र त्यात माणसे मावत नाहीत. तेथे ३५ मिलिमीटरचे सोयीचे. बोरचे जंगल जवळ आहे, २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्पही झाले. त्यामुळे आपल्याकडच्या तरुणांना वाघ टिपणाऱ्या लांब भिंगाची ओढ लागते. ती समजण्यासारखी आहे. परंतु स्वस्त लांब भिंगाचे दार पूर्ण लांबीवर बहुधा ६.३ एवढेच उघडते, आणि वाघ दिसलाच तर तो सागाच्या सावलीत पहाटे दिसतो. ते भिंग तिसऱ्या-चौथ्या वर्षी घ्यावे.

आता पाटीविषयी. नवशिक्याच्या सुट्या भिंगाच्या कॅमेऱ्यात ती बहुधा सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद असते. साधारण फोनमधील पाटी क्षेत्रफळाने हिच्या पंचमांश, दशांश किंवा त्याहूनही लहान. मेगापिक्सेलच्या आकड्याने ही उणीव भरून निघत नाही. ६ इंच × ४ इंचाचा फोटो बारीक छापावयाचा तर इंचाला ३०० ठिपके ह्या हिशेबाने १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. भिंतीवर लावण्याच्या १२ × ८ च्या चित्राला साडेशहाऐंशी लाखांच्या आतच. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख. म्हणजे बारा मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही घरच्या गरजेला पुरून उरतो. ज्या आकड्याची दुकानात सर्वांत मोठी जाहिरात, त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी अट माणसाला न थांबविण्याची. रोलायफ्लेक्स हा कमरेशी धरून वरून खाली पाहावयाचा कॅमेरा. त्याचे शटर भिंगातच बसविलेले, त्यामुळे आवाज अगदी थोडा. आणि एका रोलवर बाराच चित्रे. धरणाऱ्याची नजर समोरच्यावर रोखलेली नसे, आणि काम करणारा आपले काम करीत राही. १९४० च्या सुमारास गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करीत असतानाचे जे चित्र प्रसिद्ध आहे, ते कोणाला बसवून निघाले नसते.

आज ह्या अटीचा अर्थ असा, की कॅमेरा हाताला पेलणारा हवा, बटण दाबताच जागा होणारा हवा, आणि दाराचे व शटरचे माप बदलण्याची चाके बोटाखाली हवीत. प्रत्येक बदलासाठी पडद्यावरच्या याद्या चाळाव्या लागल्या तर प्रसंग निघून जातो. डोळा लावून पाहावयाची खिडकी असलेलाच कॅमेरा घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि त्या उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. दुकानात कॅमेरा पाहताना उंबरठ्याबाहेर या, उन्हात उभे राहा, आणि मग पसंत करा. आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा ‘खट्ट’ असा आवाज होतो, आरशाविना असलेले बरेच कॅमेरे निःशब्द चालू शकतात. कीर्तनात, प्रार्थनेत किंवा आजाऱ्याच्या खोलीत हा फरक लहान नाही.

तिसरी अट पैशाची. कनुभाईंना एकदा कॅमेरा मिळाला, पण पुढचा रोजचा खर्च त्यांचा त्यांनाच पाहावा लागला. वृत्तपत्रांना चित्रे देऊन तो काही अंशी भागे. नवशिक्याची फसगत येथेच अधिक होते. हाती असलेली सारी रक्कम तो कॅमेऱ्यातच घालतो. मग कार्ड, दुसरी बॅटरी, पिशवी, दुरुस्ती ह्यांसाठी काही उरत नाही. आमचा हिशेब सरळ आहे. रकमेचे चार भाग करावेत: दोन भाग कॅमेऱ्याला, एक चांगल्या भिंगाला, आणि एक ह्या पुढच्या खर्चाला. ज्याला हप्त्यांवाचून घेता येत नाही, त्याने एक पायरी खालचा घ्यावा. पावसाने दगा दिला तर कापूस बुडतो, हप्ता बुडत नाही.

जुना घेण्यात कमीपणा नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्या आरशाविना असलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत, त्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे जुन्या बाजारात पुष्कळ आले आहेत. नागपुरास जाऊन असा एखादा घ्यावयाचा, तर खिशात एक टॉर्च, एक वर्तमानपत्र आणि स्वतःचे कार्ड असावे. भिंग काढून मागून टॉर्चचा उजेड टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि ते भिंग परत करावे. दार १६ पर्यंत लहान करून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. त्यात काळे ठिपके दिसले तर ती पाटीवरची धूळ, ती साफ होते. ओरखडे मात्र जात नाहीत. वर्तमानपत्र भिंतीला लावून मधल्या ओळीवर भिंग जुळते की नाही ते पाहावे. शटर किती वेळा उघडले तो आकडा विचारावा. गाडीचे किलोमीटर विचारावेत तसाच तो प्रश्न आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हे पाहावे. घाई करणाऱ्या विक्रेत्यापाशी थांबू नये.

घरी आणल्यावर शत्रू दोन. पावसाळ्यातील दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. चामड्याच्या पिशवीत तर हमखास. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवावा, आणि पुड्या वेळेवर बदलाव्यात. दुसरा शत्रू धूळ आणि रुईचे तंतू. जिनिंगच्या आवारात किंवा कापसाच्या गाड्यांजवळ भिंग कधीही बदलू नये.

इतके सांगून झाल्यावर एक उलट सल्लाही देतो. हाती बरा फोन असेल तर तीन महिने काहीच विकत घेऊ नये. रोज बाराच चित्रे काढावीत, एका रोलवर असत तेवढीच. रात्री ती पाहून कोणती बिघडली आणि का, ते वहीत लिहावे. संध्याकाळची बिघडत असतील तर मोठ्या दाराचे भिंग हवे. धावत्या मुलांची बिघडत असतील तर झटकन चालणारा कॅमेरा हवा. काहीच बिघडत नसेल तर पैसे बँकेतच बरे. तीन महिन्यांनी वही घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला कोणी सहजी फसवू शकत नाही.

कनुभाईंना एकदा गांधीजींनी कॅमेरा खाली ठेवावयास सांगितले होते. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्यास आगाखान महालात कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत होत्या. ते चित्र निघाले नाही. पुढे कॅमेरा कोणताही आला, तरी समोरच्याची संमती विचारण्याची जबाबदारी धरणाऱ्याचीच राहते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्या दिवशी एवढेच काम देतो: घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ जा, विचारा, खिडकीशी बसा, आणि ते आपल्या कामाला लागेपर्यंत वाट पाहा. आमच्या बारशाच्या चित्रांत जी आजी आली नाही, ती त्यांच्या चित्रात यावी.