पदकापेक्षा फिती वाचा

23 जानेवारीला, नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीच्या निमित्ताने, आझाद हिंदच्या पदकांचे फोटो पुन्हा हातोहात फिरले. ‘अस्सल आहे का?’ हा प्रश्नही सोबत आलाच. ही पदकं नेताजींनी 1942 मध्ये जर्मनीत असताना सुरू केली आणि ती घडली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल यांच्या कारखान्यात. लढाईतल्या पराक्रमासाठी दिलेल्या पदकावर तलवारी असत, एरवी नसत. हा भेद थेट जर्मन परंपरेतला. पंचाईत अशी, की सूवालच्या कारखान्याने दुसरं महायुद्ध संपल्यावरही जुनी पदकं पाडणं चालू ठेवलं. त्यामुळे एखादं सुटं पदक कधी कुणाच्या छातीवर होतं की नव्हतंच, हे नुसतं त्याच्याकडे बघून सांगणं फार कठीण आहे.

जर्मन पदकांच्या साऱ्या छंदालाच ही अडचण आहे. नवखा संग्राहक धावतो आयर्न क्रॉसकडे. 1813 मध्ये प्रशियाच्या राजाने सुरू केलेला, वास्तुकार शिंकेलने आखलेला हा लोखंडी क्रॉस देखणा आहे, पण पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग सुमारे 50 लाख जणांना मिळाला. एकट्या क्रॉसवरून माणूस कळत नाही.

तो कळतो रिबन-बारवरून. रोजच्या गणवेशावर पदकांऐवजी लावायची ही फितींची पट्टी. समजा, पाच फिती आहेत. पहिली काळी, पांढऱ्या कडांची : आयर्न क्रॉस, म्हणजे गडी आघाडीवर होता. रंग उलटे, पांढऱ्यावर काळ्या कडा, तर काम पिछाडीचं. निळी फीत दिसली तर बहुधा दीर्घ लष्करी नोकरी. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅम्बुर्ग अशा प्रत्येक राज्याची पदकं वेगळी, म्हणून गावाकडचा मुलूखही अंदाजाने सांगता येतो. 1934 मध्ये सुरू झालेल्या महायुद्ध-सन्मान क्रॉसची फीत असेल, तर ही पट्टी नाझी राजवटीत वापरात होती हे नक्की.

आणि मग एखादी फीत निघते नैर्ऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या वसाहतीतल्या (आजच्या नामिबियातल्या) मोहिमेच्या पदकाची. 1907 चं हे पदक लढवय्यांना कांस्याचं, इतरांना पोलादाचं मिळे. लढायांच्या नावांच्या पट्ट्या त्यावर चढत, त्यांत ‘वॉटरबर्ग’ही आहे. ऑगस्ट 1904 मधल्या त्या लढाईनंतर तिथल्या हेरेरो लोकांना वाळवंटात हाकललं गेलं, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या संहाराचा हुकूम निघाला. जर्मनीने हा वंशसंहार होता हे मान्य केलं 2021 मध्ये. बोटभर रुंदीची ती फीत नुसती ‘दुर्मिळ’ म्हणून विकली जाते, तेव्हा मला राग येतो. ती विकणाऱ्याने वॉटरबर्गला काय झालं तेही सांगायला हवं.

नकली बार ओळखायच्या खुणा संग्राहकांना पाठ असतात. घडीआड दबलेली फीत पुढच्या भागाइतकीच विटलेली असेल तर शंका घ्यावी. नव्या कृत्रिम धाग्यातलं रसायन अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. जुन्याच फिती नव्याने शिवल्या असतील तर मात्र दिवा काही सांगत नाही, तिथे मागच्या कापडाचे टाके बघावे लागतात.

बारशिवाय संग्राहक जमवतात ती मिनिएचर पदकं, म्हणजे समारंभी कोटावर बारीक साखळीला लटकवायच्या छोट्या प्रती, सहसा पदरमोड करून सराफाकडून घेतलेल्या असत. म्हणून त्यांत कारागिरी फार उंचीची सापडते. संग्राहकाने आणखी एक ध्यानात ठेवावं, नाझी काळातल्या पदकांना जर्मनीत कायद्याचा काच आहे : स्वस्तिक जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, आणि 1957 च्या कायद्याने ती पदकं वापरायला मुभा दिली ती स्वस्तिक काढूनच.

एक गोष्ट आपल्या घरांना लागू आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात लढलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांना जी ब्रिटिश युद्धपदकं मिळाली, त्यांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. जर्मन पदकांवर सहसा नाव नसतंच. तिथे माणसाची ओळख उरते ती फक्त फिती कोणत्या क्रमाने शिवल्या आहेत त्यात.

म्हणूनच पदकं लावलेला अख्खा बार उसवून एकेक नग विकणारे व्यापारी मला खपत नाहीत. सुट्या विक्रीत पैसे जास्त येतात, हे खरं. पण टाके तुटले की पाचही पदकं शाबूत राहतात आणि ज्याची ती होती तो माणूस कायमचा जातो. असे नग विकत घेणारा संग्राहकही त्यात तितकाच सामील आहे.