व्रणांसह बरं होणं

'आतून पार मोडून गेलोय,' असं कुणी म्हणालं, की आपण घाईघाईनं काहीतरी बोलून मोकळे होतो. होईल सगळं ठीक, देवावर भरवसा ठेव. आम्हा ख्रिस्ती मंडळींकडं आणखी एक वाक्य तयार असतं : तुझा विश्वासच कमी पडतोय. मला हे वाक्य क्रूर वाटतं. बायबललाही ते धरून नाही.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांत स्तुती आहे, उपकारस्मरण आहे, तसा विलापही पुष्कळ आहे. देवानं तोंड का फिरवलं, असा जाब त्यालाच विचारलेला आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच थांबतं. शेवटी दिलासा म्हणून एक ओळसुद्धा नाही. तरी ते कुणी वगळलं नाही. रडणं हीही प्रार्थनाच मानली गेली.

योहानाच्या शुभवर्तमानात थोमाची हकिगत आहे. मेलेला येशू पुन्हा उठला यावर त्याचा विश्वास बसेना. मग येशूनं त्याला आपल्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवले. मरणावर मात केलेल्या देहावरही व्रण होतेच! मला या कथेत हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बरं होणं म्हणजे काही घडलंच नव्हतं असं होणं, ही अपेक्षा इथं कुणी ठेवलेली नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या दृष्टीनं पाहा. जन्म १८५८ चा. ऐन तारुण्यात दुष्काळानं आई, वडील आणि थोरली बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीनं गेले. पदरी तान्ही मनोरमा. पुढं इंग्लंडात असताना लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी ख्रिस्ती भगिनींचं काम पाहिलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना त्या आपुलकीनं वागवत होत्या. हे पाहून रमाबाई हलल्या. योहानाच्याच शुभवर्तमानातली शोमरोनी बाई त्यांना तिथं भेटली : गावानं नावं ठेवलेली, आणि तिच्याशी विहिरीपाशी निवांत बोलत बसलेला येशू. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडं किती वादळ उठलं, तो वेगळाच विषय आहे.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. आपण स्वतः ज्यातून गेलो, त्याच दुष्काळाच्या तोंडून त्या मुलींना ओढून काढत होत्या. तिथं प्रार्थना होती, तशी शेती होती, माग होते, छापखाना होता. अंध बायकांना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्यांसाठी 'कृपासदन' होतं. पोटभर अन्न, हाताला काम आणि नावानं हाक मारणारं माणूस, या तिन्ही गोष्टी तिथं उपासनेइतक्याच निष्ठेनं सांभाळल्या गेल्या.

आजच्या भाषेत सांगायचं तर, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. गोळी घेतल्यानं श्रद्धा उणी होत नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण हा प्रश्न विचारतो का? आणि शेजारी बसणाऱ्यानं उपदेश जरा कमी करावा, चहा करून आणावा.

रमाबाईंचं दुःख बाप्तिस्म्यानं संपलं असं मात्र नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं. मुलीमागंही त्यांनी ते सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. समग्र ग्रंथ १९२४ साली केडगावहूनच प्रसिद्ध झाला. खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम 'मुक्ती'तल्याच बायका-मुलींनी केलं होतं.