दातांची तार आणि दातांची निगा

नाशिक शहरातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या आवारात मधल्या सुट्टीत हसणाऱ्या मुलामुलींच्या दातांवर चमकणारी तार हे आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. दोन पिढ्यांपूर्वी पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात हा नशिबाचा भाग समजला जाई आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत त्याची कोणाला आठवणही होत नसे. आज निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण अशा तालुक्यांतील पालकही मुलांना घेऊन नाशिकला येतात. शहरात दंतव्यंगोपचार करणारे खाजगी तज्ज्ञ आहेत. पंचवटी भागात मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. राज्यातील दंतवैद्यकाच्या शिक्षणाची सूत्रे ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, ते १९९८ साली स्थापन झालेले विद्यापीठही नाशिकजवळ म्हसरूळ येथेच आहे.

उपचाराची सोय झाली, पालकांची तयारीही झाली. उरलेला भाग मात्र दवाखान्यात होत नाही, तो घरच्या मोरीपाशी व्हावयाचा असतो आणि तेथेच दुर्लक्ष होते. दीड-दोन वर्षांनी तार निघते तेव्हा काही मुलांच्या बाबतीत एक खेदजनक प्रकार दिसून येतो. दात ओळीत आलेले असतात. परंतु प्रत्येक दातावर जेथे ब्रॅकेट चिकटविलेला होता तेवढा चौकोन मूळ रंगाचा राहिलेला असतो आणि त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट उमटलेली असते. हा डाग वरवरचा नसतो, घासून जात नाही. तो तारेमुळे पडलेला नसतो, तारेभोवती साचू दिलेल्या अन्नामुळे व जंतूंच्या थरामुळे पडलेला असतो.

डाग का पडतो

दाताचे बाह्य आवरण हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असले तरी आम्लापुढे ते टिकाव धरीत नाही. तोंडात स्वाभाविकपणे असणारे जंतू दातावर पातळ, चिकट थर तयार करतात आणि आपण खाल्लेल्या साखरेपासून व पिष्टापासून आम्ल निर्माण करतात. अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, साखरेचा संपर्क झाल्यावर अवघ्या काही मिनिटांत या थरातील आम्लता एकदम वाढते आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात आवरणातील खनिजे थोडी थोडी विरघळतात. पुढे लाळ हे काम उलट्या दिशेने करते व गेलेली खनिजे काही अंशी परत बसविते. दिवसातून दोन-तीन वेळा खाणाऱ्याच्या तोंडात हा जमाखर्च बहुधा जुळतो. दर तासाला काही ना काही तोंडात टाकणाऱ्याच्या बाबतीत तो जुळत नाही.

तार बसविली की हा हिशेब अधिकच अवघड होतो. पूर्वी तारेसाठी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाताचे आवरण आम्लाने किंचित खरखरीत केल्यास त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट चिकटते असे सिद्ध केले आणि त्यातूनच पुढे लहान ब्रॅकेट थेट दातावर चिकटविण्याची पद्धत आली. रुग्णाचा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु गुळगुळीत दातावर जिभेला व गालाला जी नैसर्गिक सफाई करता येत असे, ती ब्रॅकेट, तार व रबरी कड्या यांच्या आड येणाऱ्या कोपऱ्यांत करता येईनाशी झाली. हिरडी व ब्रॅकेट यांच्यामधील अरुंद पट्टी ही सर्वांत धोक्याची जागा होय. या ठिकाणी थर तसाच राहिला, तर सुमारे चार आठवड्यांत पांढरा डाग दिसू लागतो. दंतवैद्यांच्या दोन भेटींमधील अंतरही साधारण एवढेच असते. याचा अर्थ असा की, पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बजावेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असू शकते.

प्रारंभीच लक्ष गेले तर फ्लोराइड व लाळ यांच्या साहाय्याने असा डाग पुन्हा कठीण होतो, त्याची पोकळ कीड होत नाही. परंतु त्याचा पांढरेपणा पुष्कळदा कायम राहतो.

हिरडीतून रक्त येते तेव्हा

अनेक घरांतून आढळणारा एक गैरसमज येथे नमूद केला पाहिजे. तार लावल्यावर काही दिवसांनी ब्रश करताना हिरडीतून रक्त येऊ लागते. मूल घाबरते, आई म्हणते की तेवढा भाग दोन दिवस राहू दे. वस्तुतः तेथील हिरडी सुजली आहे ती ब्रशने नव्हे, तर ब्रश पोहोचत नसल्यामुळे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबविण्यास सांगण्यात आले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासण्यास सुरुवात करताच सूज ओसरली. सुजलेला भाग म्हणूनच अधिक हळुवारपणे, पण अधिक काळजीने स्वच्छ केला पाहिजे. तरीही आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्यांना दाखवावे.

दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, ही समजूतही अशीच चिवट आहे. साठलेला कठीण थर काढल्यावर दातांमधील फट उघडी पडते व जिभेला ती जाणवते, एवढाच तो प्रकार. तार बसविण्यापूर्वी दात साफ करून घेणे व किडलेले दात भरून घेणे हे आवश्यकच असते.

ब्रश कसा फिरवावा

तार असलेल्या दातांना एकदा घासून भागत नाही. प्रत्येक दात तीन दिशांनी घासावा लागतो. प्रथम मऊ केसांचा ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हिरडी व ब्रॅकेट यांमधील पट्टी लहान लहान हालचालींनी स्वच्छ करावी. मग ब्रश उलट्या बाजूने तिरपा करून ब्रॅकेटची दुसरी कड घासावी. शेवटी समोरून ब्रॅकेटवर फिरवावा. दातांची आतली बाजू व चावण्याचा पृष्ठभाग अर्थातच विसरावयाचा नाही. दोन ब्रॅकेटच्या मधल्या जागेत, तारेखाली, हा ब्रश जात नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा, काडीएवढा बारीक ब्रश औषधांच्या दुकानांत मिळतो. तो वरून व खालून दोन्ही बाजूंनी घालावा. हे सर्व करण्यास प्रथम दहा मिनिटे लागतात, हात बसल्यावर पाच. ब्रशाचे केस तारेवर घासून लवकर फाकतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी ब्रश बदलावा.

टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तिच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते. दहा लक्ष भागांत सुमारे १००० भाग हे प्रमाण योग्य होय. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, मात्र लगेच भरपूर पाण्याने तोंड धुऊ नये, म्हणजे फ्लोराइडला दातावर काम करण्यास अवधी मिळतो. राखुंडी, विटेची भुकटी किंवा खरखरीत दंतमंजन यांनी दात झिजतात, आणि मंजन लावलेले बोट तारेखाली पोहोचणे शक्यच नाही. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडीही येथे उपयोगाची नाही. तिच्या जाड धाग्यांनी तार वाकण्याचाच संभव अधिक. ग्रामीण भागातील काही घरांतून अद्याप लावली जाणारी मिश्री ही तर भाजलेली तंबाखूच आहे. ती तारेच्या मुलांनाच काय, कोणालाही वर्ज्य समजली पाहिजे.

आपल्याकडे सकाळचे दात घासणे हा संस्कार मानला जातो. तो चुकविल्याशिवाय चहा मिळत नाही असे घर विरळा. रात्रीच्या घासण्याला मात्र हा मान नाही. झोपेत लाळेचे प्रमाण फार कमी होते, म्हणून रात्री दातांवर राहिलेल्या अन्नाचा प्रतिकार करणारे तोंडात काहीच उरत नाही. दिवसातून एकच वेळ नीट साधणार असेल, तर ती रात्री झोपण्यापूर्वीची असावी. जेवणानंतर चूळ भरण्याची जुनी चाल या मुलांच्या फार उपयोगाची आहे. जोराने चार-पाच चुळा भरल्या की मोठे कण निघून जातात. शाळेत डबा खाल्ल्यावर ब्रश जमला नाही तरी नळावर जाऊन चूळ भरणे कोणत्याही मुलास शक्य आहे.

नाशिकच्या खाण्यातले काय चालते

पथ्याची यादी ऐकून मुले हिरमुसली होतात. प्रत्यक्षात बंदी थोड्या वस्तूंना आहे. उसाचे कांडे दाताने सोलणे, आख्खा पेरू किंवा कैरी समोरच्या दातांनी तोडणे, बर्फ फोडणे, यांनी ब्रॅकेट निखळतो. पेरूच्या पातळ फोडी करून मागच्या दातांनी चावल्या तर काही बिघडत नाही. मक्याचे दाणे कणसावरून सोडवून खावेत. द्राक्षे मऊ असल्याने तारेला त्यांचे भय नाही. परंतु बागेत हंगामाच्या दिवसांत येता-जाता घड तोंडात टाकण्याची सवय असलेल्या मुलाच्या दातांवर दिवसभर साखर राहते, हे द्राक्षबागायतदार पालकांनी ध्यानात ठेवावे. द्राक्षांपेक्षा बेदाणे अधिक वाईट, कारण ते तारेत चिकटून बसतात. तीच गोष्ट तिळाच्या वडीची, चिक्कीची व उपवासाच्या साबुदाण्याची. नाशिकच्या चिवड्यातील तळलेली डाळ व शेंगदाणे कठीण असतात. मिसळीवरची शेव रश्श्यात भिजली की निरुपद्रवी ठरते. मात्र हळदीने पांढऱ्या किंवा पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. त्याने दाताला अपाय होत नाही व पुढील भेटीत कड्या बदलल्या जातात, पण मुलीला आरशात पाहून रडू येते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

ब्रॅकेट निखळणे ही शहरातल्या मुलाच्या दृष्टीने किरकोळ बाब असते. कळवण किंवा सुरगाण्याहून येणाऱ्याला मात्र त्यासाठी एसटीने येऊन-जाऊन एक दिवस मोडावा लागतो. पालकाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते आणि तेवढा दात मागे राहिल्याने उपचारही लांबतो. निखळलेला ब्रॅकेट ओढून काढू नये, दवाखान्यास कळवावे. तारेचे टोक गालाला टोचत असेल तर दंतवैद्यांकडे मिळणारे मेण त्यावर तात्पुरते दाबून बसवावे.

तार निघाल्यावर दात पूर्वीच्या जागी सरकू नयेत म्हणून काढता-घालता येणारी पट्टी दीर्घकाळ वापरावी लागते. तीही रोज मऊ ब्रशाने, साध्या पाण्याखाली धुवावी. उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो व नवी करून घ्यावी लागते. जेवताना काढलेली पट्टी कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली की उष्ट्याबरोबर ती फेकली जाते. तिच्यासाठी लहान डबी दप्तरातच असावी.